परत आलेले मूल : इफिजिनिया आणि चिलयाबाळ

श्रावणात आमच्या घरी शिवलीलामृताची पोथी निघत असे. आई रोज संध्याकाळी दिवा लावून एक अध्याय वाची. चौदाव्या अध्यायात चांगुणा आपल्या मुलाचे शिर उखळात घालून कांडते. त्या ओव्यांपाशी आली की आई थांबे, तांब्यातले दोन घोट पाणी पिई आणि मग पुढे वाची. शेवटी मूल धावत परत येते, शंकर प्रसन्न होतो, सगळी नगरी विमानात बसून कैलासाला जाते, हे तिला पाठ होते. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत दरवर्षी एकाच जागी का अडायचे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला पुष्कळ वर्षांनी, ग्रीक नाटके वाचताना.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढे सोलापुरातच एका छापखान्यात प्रुफे तपासण्याचे काम केले. ग्रीक साहित्याची ओळख झाली ती विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ या १९५७ सालच्या पुस्तकामुळे. ज्या नाटकांची नावे त्यात येत होती ती वाचायचीच, अशा हट्टाने हिराचंद नेमचंद वाचनालय, जुन्या पुस्तकांचे गाडे, मुंबईहून येणारे मित्र अशा वाटांनी एकेक इंग्रजी भाषांतर मिळवले. त्या वाचनातून जे हाती लागले ते अभ्यासकांपुढे आणि त्याहून अधिक पोथी वाचणाऱ्या घरांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

शेवटावर अडलेला शब्द

आपल्याकडे शोकांतिका नाही, हे वाक्य मराठी समीक्षेत इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. संस्कृत नाटकाचा शेवट मीलनात होतो, रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा संकेत आहे, भासाचे ‘ऊरुभंग’ तेवढे अपवाद, असे सांगून विषय संपवला जातो. पण यात एक घोटाळा शब्दानेच केलेला आहे. ‘शोकांतिका’ या शब्दात ‘अंत’ बसलेला आहे. ज्याचा अंत शोकात ती शोकांतिका. मूळ ग्रीक शब्दात अंताचा काही संबंध नाही. ‘ट्रॅगोडिया’ म्हणजे शब्दशः ‘बोकडाचे गाणे’. ते नाव का पडले याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. पण त्या शब्दात बळीचा प्राणी आहे आणि गाणे आहे. शेवट कसा, हे त्यात नाही.

ॲरिस्टॉटलचे स्वतःचे म्हणणेही शेवटाबाबत वाटते तितके सरळ नाही. तेराव्या प्रकरणात तो दुर्दैवी शेवटाची बाजू घेतो. लगेच पुढच्या, चौदाव्या प्रकरणात मात्र रक्ताच्या नात्यातील हत्येचे प्रसंग तो प्रतवार लावतो आणि सर्वांत वरचा मान देतो तो हत्या होता होता ओळख पटून टळते त्या प्रसंगाला. त्याचे एक उदाहरण आहे इफिजिनिया, जिच्या हातून स्वतःच्या भावाचा बळी जाणार असतो आणि ऐन वेळी ओळख पटते. ग्रीक शोकात्म नाटकाचा पहिला मोठा मीमांसकच टळलेल्या हत्येला उत्तम म्हणतो. मग मूल वाचले म्हणून आपली चिलयाबाळाची गोष्ट शोकनाट्याच्या चर्चेतून बाहेर का काढायची?

टँटॅलसचे घर

इफिजिनिया ज्या घराण्यातली, त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मराठी वाचकाला ओळखीची वाटावी अशी आहे. टँटॅलस हा देवांच्या पंक्तीला बसणारा राजा. त्याने आपल्या मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवले आणि देवांपुढे वाढले. देवांनी ते ओळखले. एकट्या डिमीटरने, आपली मुलगी हरवल्याच्या दुःखात भान नसल्याने, खांद्याचा घास खाल्ला. देवांनी मुलाला पुन्हा सांधून जिवंत केले. पण खांदा उरला नव्हता. तिथे हस्तिदंताचा बसवला. टँटॅलसला पाताळात कायमची तहानभूक भोगावी लागली.

मूल शिजवून पाहुण्याला वाढणे आणि ते मूल जिवंत परत येणे, हे श्रियाळाच्या गोष्टीतले दोन्ही सांधे इथे आहेत. फरक परीक्षेच्या दिशेचा आहे. टँटॅलस देवांची परीक्षा पाहतो आणि शिक्षा भोगतो. श्रियाळाची परीक्षा देव पाहतो आणि त्याला कैलास मिळतो. गंमत अशी, की ग्रीकांनाही ही गोष्ट पचली नव्हती. इ. स. पूर्व ४७६ च्या विजयासाठी लिहिलेल्या गीतात पिंडार हा कवी ती सांगता सांगता मागे फिरतो. देवाला नरमांस खाणारा म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मत्सरी शेजाऱ्यांनी उठवलेली ती अफवा, असे तो ठरवतो.

पण हस्तिदंती खांदा लोकांच्या आठवणीतून गेला नाही. मूल परत आले, पण होते तसे आले नाही. पुढे पेलॉप्सच्या मुलांपैकी ॲट्रियसने भाऊ थायेस्टिसची मुले मारून त्यालाच जेवायला वाढली. ॲट्रियसचा मुलगा आगमेम्नॉन. ट्रॉयला निघालेले ग्रीक आरमार ऑलिसच्या बंदरात वाऱ्यावाचून अडकले. ज्योतिषी कालखासने सांगितले, की सेनापतीची मुलगी आर्टेमिस देवीला दिल्याशिवाय जहाजे निघणार नाहीत. आगमेम्नॉनने मुलगी दिली.

होमरमध्ये हा बळी येतच नाही. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात आगमेम्नॉन अकिलीसचा राग काढण्यासाठी आपल्या तीन मुलींपैकी कोणतीही देऊ करतो, आणि ‘ओडिसी’त त्याचे भूत पत्नीने कसा घात केला ते सांगते, पण ऑलिसच्या वेदीचा उच्चार नाही. महाकाव्याने जे बोलायचे टाळले ते नाटकाने उचलले. इ. स. पूर्व ४५८ मध्ये एस्किलसच्या ‘आगमेम्नॉन’मध्ये म्हाताऱ्यांचा कोरस तो दिवस आठवतो. बाप सेवकांना सांगतो, मुलीला करडासारखी वेदीवर उचलून धरा आणि तोंड बांधा, तिच्या ओठातून घराला शाप निघायला नको. तिचे केशरी वस्त्र जमिनीवर ओघळते. ती एकेकाकडे पाहते. याच मुलीने बापाच्या मेजवान्यांत गाणे म्हटले होते, हे म्हाताऱ्यांना आठवते. पुढचे आपण पाहिले नाही आणि सांगणारही नाही, म्हणून ते थांबतात.

माझी आई थांबे तीही याच जागी.

जवळपास अर्ध्या शतकाने युरिपिडीसने तोच प्रसंग रंगमंचावर आणला. ‘ऑलिसमधील इफिजिनिया’ हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०५ मध्ये झाले. इथे एक दूत धावत येऊन सांगतो, की सुरी पडली त्या क्षणी मुलगी नाहीशी झाली आणि वेदीवर हरिणी तडफडताना दिसली. देवीने मुलीला उचलून नेले. सैन्य आनंदते, बाप आनंदतो. आई क्लायटेम्नेस्ट्रा मात्र विचारते, की माझे दुःख हलके व्हावे म्हणून ही गोष्ट रचलेली नाही, हे मी कशावरून मानू? हा शेवट जसाच्या तसा युरिपिडीसचा आहे का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. लिहिणारा कोणीही असो, त्याने आईच्या तोंडी हा प्रश्न ठेवला. समाधानाच्या गोष्टीवर जिने विश्वास ठेवायचा, तिलाच ती पटत नाही.

परत आलेल्या मुलाच्या अंगावर खूण राहते, हे ग्रीकांनी आणखी एका नावात नोंदवले आहे. पु. ल. देशपांड्यांनी १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला. त्या नावाचा अर्थ सुजलेल्या पायांचा. आईबापांनी पाय टोचून, बांधून डोंगरावर मरायला दिलेले तेही मूल परतच आलेले आहे.

नाझऱ्याच्या कवीची चांगुणा

आता आपल्याकडे येऊ. शिवलीलामृत लिहिणारे श्रीधर सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्याचे. त्यांचे आयुष्य पंढरपुरात गेले. शके १६४०, म्हणजे इसवी सन १७१८ मध्ये, बारामतीला त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. पण चिलयाबाळाची गोष्ट त्यांच्यापर्यंत फार लांबून चालत आली होती. बाराव्या शतकात सेक्किळारने तमिळ ‘पेरियपुराणम्’मध्ये सिरुत्तोंडर या शिवभक्ताची कथा सांगितली, त्याच्या मुलाचे नाव सीराळन. कन्नड शिवशरणांच्या परंपरेत हाच भक्त कांचीचा सिरियाळ आणि त्याची बायको चंगळे. तेलुगूत पाल्कुरिकी सोमनाथाने आणि पुढे श्रीनाथाने ही कथा सांगितली. सिरियाळ, चंगळे, कांची ही नावे श्रियाळ, चांगुणा, कांतिनगर यांच्या शेजारी ठेवली की वाट स्पष्ट दिसते. ज्या शहरात पूर्व भागात तेलुगू, पेठांतून कन्नड आणि बाकी मराठी एकाच वेळी कानावर पडते, तिथल्या माणसाला ही वाट नवी वाटू नये.

वाटेत गोष्टीत भर पडली. तमिळ कथेत आई पाय धरते, बाप कापतो, आणि पाहुण्याने डोके मागितले तेव्हा ते दासीने आधीच शिजवून ठेवलेले असते. तिथे उखळ नाही, गाणे नाही. श्रीधरांची कथा पुढे जाते. अघोरी वेशातला अतिथी पाच वर्षांच्या चिलयाचे मांस मागतो. तोच अतिथी शाळेत जाऊन मुलाला सावधही करतो, की पळ, आईबाप तुला मारणार आहेत. आणि मूल पळायला नकार देते. चांगुणा स्वयंपाक करते, पण शिर बाजूला लपवून ठेवते, नंतर एकदा तोंड पाहता यावे म्हणून. अतिथी नेमके तेच मागतो. ते उखळात कांड, डोळ्यांत पाणी आणू नकोस, आणि कांडताना गाणे म्हण.

श्रीधरांनी इथे काय केले आहे ते नीट पाहावे. मुलाचे मांस देऊन झाले आहे. भक्तीची परीक्षा म्हणाल तर ती पुरी झाली. आता मागितले जाते ते आईने स्वतःसाठी राखून ठेवलेले एवढेसे काही, आणि त्याबरोबर रडण्याचा हक्क. एस्किलसकडे गाणाऱ्या मुलीचे तोंड बांधले जाते; श्रीधरांकडे रडणाऱ्या आईला गायला लावले जाते. दोन्हीकडे भीती एकाच गोष्टीची आहे. तिच्या तोंडून जे निघायचे ते निघू नये.

आणि तरी ते निघतेच. चांगुणा गाते ते अंगाई आणि विलाप यांच्या मधले काहीतरी आहे. श्रीधरांच्या ग्रंथात ओव्यांची संख्या मोठी, पण बायकांनी तोंडपाठ केले ते हे कांडण. जात्यावर, उखळावर, पाळण्याशी म्हटले गेले ते कैलासाचे विमान नव्हे. परंपरेने गोष्टीचा शेवट जपला, बायकांनी तिचा मध्य जपला.

चांगुणा दुबळी नाही, हेही सांगितले पाहिजे. अतिथी राजाला पंक्तीला बसायला सांगतो तेव्हा श्रियाळ डगमगतो. त्याला सावरते चांगुणा. ज्याला मी नऊ महिने पोटात वागवले त्याला तुम्ही चार प्रहर पोटात ठेवू शकत नाही का, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. याला भक्तीचे धैर्य म्हणता येईल. मला त्यात हिशेबही ऐकू येतो. या त्यागात कोणाचे किती गेले, याचा तिने त्या घटकेलाही मनात ठेवलेला हिशेब. क्लायटेम्नेस्ट्रा हाच हिशेब दहा वर्षे सांभाळते आणि नवरा घरी परतल्यावर चुकता करते. वर म्हणते, की आता पाताळातल्या नदीवर त्याची लेक त्याला भेटेल आणि गळ्यात पडेल. चांगुणेच्या हिशेबाला असे दार नाही. मूल परत आल्यावर तो विचारायचाच नसतो.

षष्ठीनंतरची सप्तमी

श्रियाळ षष्ठी येते श्रावण शुद्ध षष्ठीला. त्या दिवसाशी दुर्गादेवीच्या दुष्काळात कोठारे उघडणाऱ्या श्रियाळ शेठाची, त्याच्या औट घटकेच्या राज्याचीही आख्यायिका जोडलेली आहे, आणि काही गावांत मातीचा श्रियाळ राजा करून तो विसर्जित करतात. पंचांगात त्याच्या खालच्या ओळीत असते शीतला सप्तमी. प्रुफे तपासणाऱ्याला ओळीखालची ओळ पाहायची सवय असते, म्हणून हा शेजार माझ्या डोळ्यांत भरला. सप्तमीची कहाणीही परत आलेल्या मुलाचीच आहे.

राजाने तळे बांधले, पाणी लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा वडील मुलगा बळी दे. सून कबूल होणार नाही हे राजाला ठाऊक होते. त्याने तिला माहेरी पाठवले आणि मुलाला ठेवून घेतले. चांगला दिवस पाहून मुलाला न्हाऊमाखू घातले, जेवू घातले, दागिने घातले, तळ्यात पलंगावर निजवले. पाणी आले. पुढे भावाबरोबर सासरी येताना सुनेला ते भरलेले तळे दिसते. त्या दिवशी सप्तमी असते. ती काठावर पूजा करते, वंशातले जे कोणी पाण्यात बुडाले असेल ते परत मिळावे अशी प्रार्थना करते. आपलेच मूल त्या पाण्यात आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. आणि तिचे पाय कोणीतरी ओढते, पाहते तो तिचा मुलगा.

युरिपिडीसच्या नाटकात आगमेम्नॉन बायकोला खोटे पत्र पाठवतो, की मुलीचे अकिलीसशी लग्न ठरले आहे, तिला घेऊन ये. दोघी आल्यावर तो क्लायटेम्नेस्ट्राला परत घरी पाठवण्याची खटपट करतो, इतर मुली एकट्या आहेत असे सांगतो. आई जायला नकार देते. आपल्या कहाणीतल्या राजाला जे जमले ते आगमेम्नॉनला जमत नाही, आणि नाटक घडते ते त्यामुळेच. आई जागेवर असेल तर बळी देणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. कहाणीत आई माहेरी आहे, म्हणून उत्तर द्यावे लागत नाही. मूल मिळाल्यावर राजा आनंदतो. सून त्याला एकही प्रश्न विचारत नाही. पण सांगणाऱ्या बाईने ‘माहेरी पाठवले’ हे वाक्य गाळलेले नाही. राजाला सुनेच्या संमतीची भीती होती, ही गोष्ट दरवर्षी सप्तमीला मोठ्याने वाचली जाते.

सोलापूरच्या दक्षिणेला लागून कन्नड मुलूख आहे. तिथल्या ‘केरेगे हार’ या प्रसिद्ध लोकगीतात हेच तळे आहे आणि परत येणे नाही. मल्लनगौडाच्या तळ्याला पाणी लागत नाही, धाकटी सून भागीरथी हिचा बळी ठरतो, ती सारे जाणून पूजेला जाते आणि पायरीपायरीने पाणी चढते. सैन्यात गेलेला नवरा परत येतो, त्याला कळते आणि तोही त्याच तळ्यात उडी घेतो. एका भाषेत मूल परत येते आणि शेजारच्या भाषेत सून परत येत नाही. दोन्हीकडे गाभा एकच. गावाला पाणी हवे असते आणि ते कोणाच्या जिवाने मिळवायचे हे गावातला मोठा माणूस ठरवतो.

लग्नाचे वस्त्र

इफिजिनियाच्या बळीला लग्नाचे निमित्त आहे, ही बाब सोलापूरकराला विसरता येण्यासारखी नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर होमप्रदीपन होते. आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरली. त्यांनी योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. लग्न झाले आणि नंतर तिने अग्निप्रवेश केला. आजही बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात, मंगळसूत्र घालतात आणि अग्नी देतात.

मी लहानपणापासून त्या गर्दीत उभा राहिलो आहे आणि माझी भक्ती तिथे कमी झालेली नाही. ही गोष्ट आणि ऑलिसची गोष्ट एक आहे असे मला म्हणायचे नाही. तिथे बापाने फसवले. इथे कोणी फसवलेले नाही, इच्छा तिची आहे. पण नवरीचे वस्त्र नेसलेली मुलगी अग्नीकडे जाते तेव्हा गर्दी क्षणभर गप्प होते. ती शांतता कशाची, हे समजायला मला युरिपिडीस उपयोगी पडला. त्याची इफिजिनिया आधी बापाच्या पाया पडते, मला अकाली मारू नकोस म्हणते, आणि नंतर स्वतःच उठून सांगते की ग्रीसासाठी मी मरायला तयार आहे. ॲरिस्टॉटलला हा बदल पटला नाही. विनवणी करणारी आणि नंतरची, या दोघी एक वाटत नाहीत, असे तो म्हणतो. मला वाटते, युरिपिडीसला तेच दाखवायचे असावे. सगळे सैन्य दाराशी उभे असताना मुलीने दिलेली संमती कितपत तिची? पळायला नकार देणारा पाच वर्षांचा चिलया हा प्रश्न आपल्यापुढे आणखी अवघड करून ठेवतो.

आपली सर्वांत गाजलेली शोकांतिका म्हणजे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. तिच्यातही बापाच्या हातून मूल मरते. सिंधू मरतानाही फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणारे खोटे बोलते. प्रेक्षक तिच्यासाठी रडले, पुढेही रडतील. पण बाईने बोलू नये हा जो कट ऑलिसमध्ये तोंड बांधून आणि कांतिनगरात गाणे म्हणायला लावून झाला, तो इथे तिने स्वतःच पार पाडला.

शुनःशेपाचे उत्तर

माझ्या या वाचनावर एक सरळ आक्षेप आहे. ही भक्तिकथा आहे, तिला नाटकाचे माप लावू नका. भक्ताला मूल देवाचेच वाटते, त्याने मागितले, त्याने दिले. एका ज्येष्ठ कीर्तनकारांनी मला हे समजावून सांगितले आणि त्यांचे म्हणणे मी मान्यही केले. कथा सांगणाऱ्याचा हेतू तोच आहे. पण हिशेब मागणे ही परकी, ग्रीक गोष्ट आहे, हे मात्र मला मान्य नाही. त्याचे कारण ऐतरेय ब्राह्मणात आहे.

हरिश्चंद्राला वरुणासाठी बळी हवा होता. अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाने आपला मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकला. यूपाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापानेच बांधला. मारायला कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच सुरी परजत आला. मुलाने देवांची स्तुती केली, पाश सुटले, जीव वाचला. इथपर्यंत ही परत आलेल्या मुलाचीच गोष्ट आहे. पण मग अजीगर्त म्हणतो, माझा मुलगा मला परत द्या. आणि शुनःशेप जायला नकार देतो. तुझ्या हातात सुरी सगळ्यांनी पाहिली, माझ्यापेक्षा तू तीनशे गाई पसंत केल्यास, असे तो बापाला तोंडावर सांगतो. तो विश्वामित्राचा मुलगा होतो.

हा आपल्या परंपरेतला हस्तिदंती खांदा. वाचणे म्हणजे विसरणे नव्हे, हे इथे वाचलेल्या मुलानेच सांगितले आहे. ग्रीकांनी पुढे नाटक उभे केले, खुनाचा खटला अथेन्सच्या न्यायासनापर्यंत नेला. आपण ही गोष्ट यज्ञाच्या ग्रंथात ठेवली, आणि घराघरातल्या पोथीत मात्र मुलाला आईच्या हाकेसरशी हसत धावत आणले. त्यामुळे आपल्याकडे शोकनाट्य नाही, असे म्हणण्यापेक्षा ते शेवटात नाही, मध्यात आहे, असे म्हणावे. आणि ते शोधायचे असेल तर कोण कुठे थांबते ते पाहावे. कोरस कुठे गप्प होतो, क्लायटेम्नेस्ट्रा कुठे शंका घेते, पोथी वाचणारी बाई कुठे पाणी पिते.

आता राहिलेले सांगतो. माझ्या आधी एक भाऊ होता. पाचव्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर वर्षाच्या आत मी झालो. घरातली मोठी माणसे मला पाहून म्हणत, देवाने नेला होता तोच परत दिला. शेजारी म्हणत, नातेवाईक म्हणत, वडीलही कधी कधी म्हणत. त्यांचा हेतू चांगला होता आणि आईला त्यातून धीर मिळावा अशीच सगळ्यांची इच्छा होती. आई हे ऐकून घेई. तिच्या तोंडून ते वाक्य मी कधीही ऐकले नाही. तिने माझे कमी केले असे मुळीच नाही; पण माझ्या आणि त्याच्या वाढदिवसाला ती वेगवेगळ्या दिवशी देवापुढे दिवा लावी.

ती गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. पोथी माझ्याकडे आहे. चौदाव्या अध्यायात चांगुणेच्या उखळाजवळच्या पानावर पाण्याचा वाळलेला डाग आहे. तो तांब्यातल्या पाण्याचा असेल, असे मी बरीच वर्षे समजत होतो.